आजोबांना कुठल्या कप्प्यात ठेवायचं

आत्या दुकानात आली ती फ्रेम घेऊनच. फोटो नाही, नुसती फ्रेम. सागवानी रंगाची, कडेला सोनेरी पट्टी, वर काच आणि आत कोरा पांढरा पुठ्ठा. ती तिनं माझ्या टेबलावर, एका लग्नपत्रिकेच्या ओल्या प्रुफावर ठेवली आणि म्हणाली, यात दादा बसवून दे.

दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. ते तापानं गेले तेव्हा आत्या चार वर्षांची होती आणि माझे वडील पंधराचे. मी त्यांना पाहायचा प्रश्नच नव्हता, पण ज्यांनी पाहिलं होतं त्यांच्याकडेही त्यांचा एक फोटो नव्हता. त्या काळी फोटो म्हणजे जालन्याला जाऊन काढायची गोष्ट, आणि आजोबा जालन्याला आले की बैलबाजार सोडून दुसरीकडे बघतच नसत. मग फ्रेममध्ये बसवायचं काय, असं मी आत्याला विचारलं. जरा तिरसटपणेच विचारलं, कारण प्रुफाची शाई पुसली गेली होती आणि गिऱ्हाईक दारात उभं राहायची वेळ झाली होती. माझं असंच आहे. आधी चिडायचं, मग ऐकायचं.

आत्या माझ्या चिडण्याला भीक घालणारी नव्हती. तूच म्हणाली होतीस ना, तिनं आठवण करून दिली, की तुझ्या कॉम्प्युटरात पाहिजे तसा माणूस करता येतो म्हणून. मंग आता कर.

म्हणाले होते खरी. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. जालन्यात मस्तगडला एका गाळ्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. पत्रिका, बारशाची कार्डं, बिलबुकं, दुकानांच्या पाट्या, असलं काम. एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी आली होती, तिच्यात हा प्रोग्राम निघाला. पडद्यावर एक माणूस उभा असायचा. त्याचा हात धरून ओढला की हात वर जायचा, कंबर वळवली की तो वळायचा, पाहिजे तर बसायचा. चेहऱ्यासाठी सरकवायच्या पट्ट्या होत्या. एक सरकवली की नाक लांब, दुसरी सरकवली की गाल आत, तिसरी की हनुवटी पुढं. काम नसलं की मी त्याच्याशी खेळत बसायचे आणि आल्यागेल्याला दाखवून फुशारकी मारायचे. पाट्यांवरच्या दाढी करणाऱ्या माणसापासून दळण नेणाऱ्या बाईपर्यंत सगळे मी त्यातूनच काढायला लागले होते.

त्यात एकच भानगड होती. तो माणूस उघडा होता. अगदी पूर्ण उघडा, आणि बाईसुद्धा तशीच. कपड्यांचा कप्पा वेगळा होता, तिथून एकेक कपडा आणून चढवायचा. पहिल्यांदा आत्यासमोर प्रोग्राम उघडला तेव्हा मला हे लक्षातच राहिलं नव्हतं. पडद्यावर तो बेशरम येऊन उभा राहिला. मी झटकन स्क्रीनवर टॉवेल टाकला. आत्यानं पदर तोंडाला लावला, पण डोळे टॉवेलच्या कडेवरच. शेवटी म्हणाली, आधी त्याला काहीतरी नेसव, मंग बोल.

तर आता तिला त्या बेशरमातून आपले वडील पाहिजे होते. मी तिला समजावून पाहिलं, की आजोबा कसे दिसायचे हे मला सांगणार कोण? आणि आत्यानं आल्यापासून पहिल्यांदाच खुर्ची ओढून घेतली. तिचं जालन्यात नवं घर झालं होतं, पुढच्या शुक्रवारी वास्तुशांत होती. बैठकीच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो लागला होता, सासूबाईंचा लागला होता, थोरल्या दिरांचा लागला होता. सगळ्या फ्रेमा एकसारख्या घेतल्या होत्या. दुकानदाराकडून तिनं मुद्दाम एक जास्तीची घेतली होती.

"त्या घरात सगळे त्यांचेच हायेत," ती म्हणाली. "माझं म्हणून एक माणूस लावू दे भिंतीला."

आत्या रडणारी बाई नव्हती आणि तेव्हाही रडली नाही. पण माझा राग कुठल्या कुठे गेला. मी फ्रेम उचलली आणि कॅलेंडर काढून त्या खिळ्याला लावली. पुढचे आठ दिवस ती कोरी फ्रेम माझ्याकडे बघत होती.

आजोबांना पाहिलेली माणसं आता तीनच राहिली होती. एक माझे वडील. दुसरे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे पाठचे भाऊ, ऐंशीच्या घरातले. आणि तिसऱ्या मोठ्या आई, म्हणजे आजोबांच्या थोरल्या भावाच्या मंडळी. त्यांचं वय त्यांनाही माहीत नव्हतं आणि विचारलेलं आवडायचं नाही. हे दोघं गावी, वाटूरच्या पुढं. त्यांना जालन्याला आणावं तर धाकटे आजोबा म्हणाले, मोसंबीला पाणी चालू हाय, मला जमणार न्हाई. तेव्हा आजोबांना गाठायला कॉम्प्युटरच गावी न्यायचा, असं ठरलं. आत्याला यायचं होतं, पण तिच्या घराचे रंगारी निघत नव्हते. शिवाय घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, की ती केवढीशी होती, तिला काय आठवणार. आत्याही हो म्हणाली.

रविवारी सकाळी आम्ही काळी-पिवळी जीप ठरवली. कॉम्प्युटरची पेटी गोधडीत गुंडाळली आणि मॉनिटर वडिलांच्या मांडीवर दिला. वडील निवृत्त मास्तर. रस्त्यात खड्डा आला की ते मॉनिटरला कवटाळून ड्रायव्हरला शुद्ध भाषेत झापायचे, आणि ड्रायव्हर जी सर, जी सर म्हणत पुढच्या खड्ड्यात घालायचा. गावात पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढं गेली होती. मास्तर टीव्ही घेऊन आले म्हणून निम्मी गल्ली दारात.

चुलतभावाच्या नव्या स्लॅबच्या खोलीत शिलाई मशीनवर मांडामांड केली. मॉनिटरला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून मी पोत्यावर उभी राहून काम करत होते. वीज दुपारी जाणार हे पक्कं होतं, फक्त कधी ते वीज कंपनीलाच ठाऊक. त्यामुळे वडील दर थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन विचारायचे, ठेवलंस का? म्हणजे सेव्ह केलंस का. मी ठेवलं म्हणायचे. पुन्हा दोन मिनिटांनी, ठेवलंस का?

आता हे ठेवणं कसं होतं ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच झालं. त्या प्रोग्रामात कडेला कप्पे होते. एका कप्प्यात माणसं ठेवायची. दुसऱ्या कप्प्यात उभं राहायच्या, बसायच्या, चालायच्या तऱ्हा. तिसऱ्यात कपडे. कप्पा उघडला की त्यात जे जे ठेवलंय त्याचं नखाएवढं चित्र दिसायचं. आणि माणसांच्या कप्प्यात पहिल्यापासूनच त्या प्रोग्रामवाल्यांची माणसं रांगेनं उभी होती. बाया आणि बापे, सगळे जन्मले तसे.

खोलीत धाकटे आजोबा खुर्चीवर, मोठ्या आई बाजेवर, वडील माझ्या खांद्याशी, आणि खिडकीला गल्लीतली सगळी पोरंबाळं लटकलेली. एवढ्या मोठ्या माणसांसमोर तो कप्पा उघडायची माझी छाती होईल का? मी त्याच्याकडे फिरकलेसुद्धा नाही. तऱ्हांच्या कप्प्यात नुसत्या राखाडी बाहुल्या होत्या, नाक ना डोळे, तिथं कुणाची लाज जायची भीती नव्हती. मी तोच उघडा ठेवला, आणि जे काही होईल ते त्यातच ठेवत गेले. ठेवताना कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी विचारायचा, मी नाही म्हणून दाबायचे आणि तो गप्प बसायचा. माझ्या दुकानातल्या फाइली बघितल्या असत्या तर कुणी म्हणालं नसतं ही पोरगी असा घोळ घालील. पत्रिका गावावार लावलेल्या, त्यात मुलाकडच्या वेगळ्या, मुलीकडच्या वेगळ्या. एक फाइल शोधायला मला कधी क्षण लागला नाही.

पहिला मान धाकट्या आजोबांचा. मी बाहुल्याला पँट-शर्ट आधीच घालून आणला होता, कारण त्या कपड्यांच्या कप्प्यात सूट होता, चड्डी होती, पोहायचा पोशाख होता, पण धोतर नव्हतं. धाकट्या आजोबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"ह्यो कोन? बीडीओ सायेब?" ते म्हणाले.

धोतर मी नंतर हातानं रंगवणार आहे, आधी माणूस तर होऊ द्या, असं सांगून मी त्यांना कसंबसं वाटेला लावलं. आधी मी विचारलं, आजोबा उभे कसे राहायचे. धाकटे आजोबा उठले आणि करूनच दाखवलं. दोन्ही हात पाठीमागं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं, एका पायावर भार, मान किंचित खाली. बांधावर असो की पंगतीत, भाऊ असाच उभा राहायचा, म्हणाले. मी बाहुल्याचे हात मागं नेले, झालं, एका दमात. मग चेहरा सुरू झाला आणि तिथं दुपार गेली. नाक सरळ कर. न्हाई, एवढं न्हाई. कपाळ मोठं. डोळे बारीक. होता होता जो तयार झाला तो थेट धाकटे आजोबाच होते, फक्त तरुणपणीचे. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, मंग, आम्ही सख्खे भाऊच होतो ना. ते आजोबांना भाऊ म्हणत, म्हणून मी फाइलला नाव दिलं 'भाऊ' आणि ठेवली.

मग मोठ्या आई. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा आजोबा त्यांच्यापेक्षा लहान, मिसरूड न फुटलेला दीर होता. त्यांनी बाजेवरूनच बाहुल्याला बारीक करायला लावलं, बुटका करायला लावलं आणि गाल भरायला लावले. मिशी नव्हतीच म्हणाल्या. मेल्याला मिशी कुठली, माझ्या हातचे धपाटे चोरून खायचा. धाकटे आजोबा तावातावानं म्हणाले, भावाला मिशी होती. मोठ्या आई म्हणाल्या, तुला तेव्हा शेंबूड पुसायची अक्कल नव्हती, तू सांगू नको. ऐंशीच्या म्हाताऱ्याला कुणी असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते चक्क चष्मा पुसायला लागले. ही फाइल 'भावजी'.

वडिलांनी केलेले आजोबा सगळ्यांत उंच होते. मी म्हटलं, अहो, दारातून आत येतील का हे? पण पंधरा वर्षांच्या मुलानं पाहिलेला बाप, त्यांना तो तेवढाच आठवत होता. त्यांनी मिशीही घालायला लावली, भरघोस, आणि मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. ठेवलंस का, हे विचारायचं त्या वेळी राहिलंच. मी आपणहून ठेवली. 'दादा'.

एका माणसाचे तीन चेहरे झाले आणि एकाचं दुसऱ्याशी जमेना. संध्याकाळी निघताना धाकटे आजोबा आणि मोठ्या आई एकमेकांशी बोलत नव्हते. पण मला काळजी नव्हती. दुकानात जाऊन तिन्ही समोर ठेवायचे, याचं नाक, त्याचं कपाळ घ्यायचं आणि सगळ्यांना पटेल असा एक करायचा, असा माझा बेत होता. येताना मॉनिटर माझ्या मांडीवर होता आणि मी स्वतःवर भयंकर खूश होते.

सोमवारी पत्रिकांची गर्दी होती. मंगळवारी दुपारी मी 'भाऊ' उघडला. बाहुल्यानं झोकात हात पाठीमागं नेले, मान खाली घातली. चेहरा मात्र तोच, सीडीतून आलेला, गुळगुळीत गोऱ्या साहेबाचा. मी 'भावजी' उघडला. हात पाठीमागं, मान खाली, साहेब. 'दादा' उघडला. साहेब.

तेव्हा कुठे उजेड पडला. तऱ्हांच्या कप्प्यात फक्त तऱ्हा राहते. तो कप्पा हात कुठं, पाय कुठं एवढंच सांभाळतो, आणि ठेवताना तो जे इंग्रजीत विचारत होता ते हेच, की चेहराही ठेवू का? मी लाजेपोटी ज्या कप्प्याकडे पाहिलं नाही, तिथं ठेवले असते तर तिन्ही आजोबा नाकाडोळ्यांसकट राहिले असते. आता उरली होती ती नखाएवढी चित्रं. त्यातला मिशीवाला मी मोठा करून पाहिला, तर काळे-करडे चौकोन. माझा मलाच असा संताप आला, की मी टेबलावरची स्टेपलर भिंतीवर फेकली. ती फ्रेमला लागता लागता राहिली.

पुन्हा गावी जाणं शक्य नव्हतं. शुक्रवारी वास्तुशांत, आणि ते दोघं आता एका खोलीत बसायला तयार नव्हते. वडिलांना कसंबसं सांगितलं. आत्याला सांगायचं माझ्यानं झालं नाही. बुधवार गेला.

गुरुवारी सकाळी मी काहीतरी करायचं म्हणून तिन्ही तऱ्हा पाठोपाठ लावून पाहिल्या. भाऊ, भावजी, दादा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बाहुला हलतच नाहीये. उंची बदलायची, जाडी बदलायची, तीही आता गेली होती, पण हात तिथल्या तिथं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलेलं, एका पायावर भार. मला आठवलं, त्या दिवशी मोठ्या आईंनी बसल्या जागी तेच हात मागं नेऊन दाखवले होते, वडिलांनीही तेच. नाकावरून, मिशीवरून, उंचीवरून भांडले, पण उभं राहण्यावरून एक शब्द नाही. भांडण नाही म्हणून माझं तिकडे ध्यानच गेलं नव्हतं.

तो साहेबाचा चेहरा मात्र मला बघवेना. मी कॅमेरा फिरवून बाहुल्याच्या मागं नेला. आता नुसती पाठ. ते चित्र फोटोच्या प्रोग्राममध्ये घेतलं आणि हातानं रंगवत बसले. धोतर, त्याचा मागचा काष्टा, बिनइस्त्रीचा सदरा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल. कपडे रंगवायला मला येतं, ते माझं रोजचं काम. पायाखाली काळी माती घातली, पुढं बांध घातला. हे आत्याला द्यायचं असं डोक्यात नव्हतं. हातांना चाळा म्हणून चाललं होतं, आणि आत्या आली की काय सांगायचं याची मनात घोकंपट्टी.

आणि आत्या आलीच. ताजी रंगवलेली दारं, भटजी, मांडव, सगळं सांगत पायरी चढली, आणि पडद्याकडे पाहून मध्येच थांबली. मी घाईघाईनं बोलायला लागले. चेहरे गेले आत्या, चुकून दुसऱ्या कप्प्यात ठेवले, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तू म्हणशील तर आपण एखादा साधारण चेहरा... ती ऐकतच नव्हती. पडद्याजवळ आली. माझ्या खुर्चीमागून वाकून तिनं त्या बांधलेल्या हातांकडे बोट केलं.

"ही करंगळी मोकळी ठेव," ती म्हणाली.

मी म्हटलं, कोणती?

"धरलेल्या हाताची. ती बाहेर असायची. मी तिला धरून मागं मागं चालायचे."

शेतात जाताना, तिनं सांगितलं, ती पुढं चालली की काट्यात पाय घालायची, म्हणून आजोबा पुढं आणि ती मागं. पाठीमागं हात बांधलेले असले तरी करंगळी ते तिच्यासाठी बाहेर काढून ठेवायचे. त्यांचा चेहरा तिला कधी आठवलाच नव्हता. तिला धोतराचा काष्टा, पाठ आणि ती करंगळी एवढंच आठवत होतं. मग तू बोलली का नाहीस, मी विचारलं. म्हणाली, मला वाटलं हे काही वडील आठवणं न्हाई. बाकीच्यांना नाक-डोळे आठवतात.

मी, जिला घरात सगळे तोफखाना म्हणतात, ती ढसाढसा रडले. आत्या मला म्हणाली, रडू नको, वीज जाईल, आधी करंगळी कर.

त्या प्रोग्रामात प्रत्येक बोटाची वेगळी पट्टी असते. मी उजव्या हाताची करंगळी हळूहळू उलगडली. आत्या म्हणत होती, अजून, अजून जराशी, बास. तो हात रंगवलेल्या चित्रात आणून बसवला आणि मग बाहुल्याची फाइल ठेवायची वेळ आली. तिला विचारलं, नाव काय देऊ. 'दादा', ती म्हणाली. तऱ्हांच्या कप्प्यात त्या नावाची आहे एक, तिच्यावर हिला ठेवू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी हो म्हटलं. आणि या वेळी आत्यासमोरच माणसांचा कप्पा उघडून तिथंही ठेवली. रांगेनं उभी ती नागडी मंडळी, आणि त्यांच्या शेवटी पँट-शर्ट घालून, हात पाठीमागं बांधून आमचे आजोबा. आत्यानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, बरं झालं दादांनी पाठ फिरवली.

शुक्रवारी आत्याच्या बैठकीत सासरे, सासूबाई, थोरले दीर असे तिघं समोर बघत होते आणि चौथ्या फ्रेममध्ये एक माणूस पाठ करून शेताकडे बघत उभा होता. भटजींना ते रुचलं नाही. पाठीला हार कसा घालायचा, म्हणाले. आत्याच्या नणंदेनं विचारलं, हे कोण, आणि आपल्याकडे का बघत नाहीत? आत्या म्हणाली, माझे वडील. मला असेच दिसायचे. आणि हार स्वतःच घातला.

गावाहून धाकटे आजोबा आणि मोठ्या आई आले ते वेगवेगळ्या जीपनं. दोघं फ्रेमसमोर उभे राहिले. मिशी आहे का नाही, हे आता कुणाला ठरवता येणार नव्हतं. धाकटे आजोबा म्हणाले, भाऊच हाय, बराबर. मोठ्या आई म्हणाल्या, आता वळंल आन् विचारंल, धपाटे कुठं ठेवले. जेवायला ते दोघं एकाच पंगतीला बसले. वडील जेवण झाल्यावर कितीतरी वेळ फ्रेमसमोर उभे होते, हात पाठीमागं बांधून.

फक्त एक गोष्ट आत्यानं नंतर बदलली. सगळ्या फ्रेमा एका रांगेत उंचावर होत्या. पाहुणे गेल्यावर तिनं आजोबांची काढायला लावली आणि दाराशेजारी, खाली, आपला हात पोचेल अशी लावली. रांग बिघडली म्हणून घरात कुरकुर झाली, ती तिनं कानाआड केली. अजून ती तिथंच आहे. आत्याची सून दर आठवड्याला सगळ्या काचा पुसते, आणि या एका काचेवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेलकट डाग असतो. मी जवळून पाहिलंय. बाकी काच लख्ख असते, डाग फक्त करंगळीवर असतो.